फ्रिज सकाळी होता

नवरा दिवसभर घरात बसला की बाईचं काय होतं, ते मला विचारा. माझा नवरा विल्फ्रिदो सव्वीस वर्षं बंदराजवळच्या पशुखाद्याच्या गिरणीत वजनकाट्यावर होता. ट्रक आत आला की वजन, बाहेर गेला की वजन. मग मालक वारला, त्याची पोरं आपसात भांडली आणि गिरणीला कुलूप लागलं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात.

मी सकाळी दारात अंड्याचे अरेपे तळते. मक्याची जाड टिक्की अर्धवट तळायची, तिला चीर द्यायची, आत अंडं सोडायचं आणि परत तेलात. एकवीस वर्षं करतेय, डोळे मिटून करते. याने घरी बसल्याच्या तिसऱ्या दिवशी कुठून तरी एक काटा आणला आणि माझे अरेपे तोलायला बसला. "दामारिस, हा एकशे बारा ग्रॅमचा आहे आणि हा एकशे एकतीस. कुणावर तरी अन्याय होतोय." मी म्हटलं, अरे, लोक खायला येतात की तोलायला? पण ऐकेल तर शपथ. आठवडाभर माझा प्रत्येक अरेपा एकशे वीस ग्रॅमचा झाला आणि माझं निम्मं गिऱ्हाईक गेलं, कारण तोलून होईस्तोवर लोकांची बस निघून जायची.

माणूस वाईट नाही हो. पण खोटं बोलता येत नाही, अगदी गरजेपुरतंही. लग्नाआधी माझ्या आईने त्याला विचारलं होतं, "पोरगी आवडली ना?" तर म्हणाला, "बहुतेक." आई तेव्हाच म्हणाली होती, विचार कर. मी केला नाही.

आठ वाजले की तो दारात डोलखुर्ची टाकून बसायचा. हवा खायला, असं मला सांगायचा. आमच्या बारांकिया शहरात सकाळी आठनंतर हवा नसते, भट्टी असते. पण मी काही बोलत नसे, निदान स्वयंपाकघर तरी मोकळं होई.

मला तो घराबाहेर हवा होता, हे मी उघड सांगते. पण नुसता बाहेर नको, कामावर हवा होता. या दोन वर्षांत माणूस आतल्या आत आकसला होता. माझ्या भाचीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर याने माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्या पर्समध्ये आहे. त्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. म्हणून जेव्हा एका शेवयांच्या कारखान्याला वजनकाट्यावर माणूस हवाय असं कळलं, तेव्हा मी अर्ज स्वतः नेऊन दिला. इथे पस्तिशी उलटलेल्याच्या अर्जाचं पाकीटसुद्धा कुणी उघडत नाही. हा चोपन्नचा. तरी बोलावणं आलं.

पहिली अट, जुन्या नोकरीचा दाखला सही-शिक्क्यासह आणा. आता गिरणीच नाही तर शिक्का कुठला? तीन दिवस हिंडून विल्फ्रिदोने जुना मॅनेजर शोधून काढला. तो आता टॅक्सी चालवतो. त्याने बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि शिक्क्याच्या जागी लिहिलं, 'शिक्का गिरणीबरोबर बुडाला.' कारखान्याने तो दाखला ठेवून घेतला. का घेतला, देव जाणे.

मुलाखत घेणार डॉक्टर लिसेथ. औषधाची डॉक्टर नव्हे, आमच्याकडे टेबलामागे जो बसेल तो डॉक्टर. चोवीस वर्षांची पोर, नखांवर फुलं रंगवलेली. तिने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"एकोणसाठीत," हा म्हणाला.

"तुमचा सगळ्यात मोठा कच्चा दुवा कोणता?"

"डावा गुडघा."

"आमच्याच कंपनीत का यावंसं वाटलं?"

"दुसऱ्या कुणी बोलावलं नाही."

हे सगळं त्याने घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं, वर विचारलं, "बरं झालं ना?" माझ्या हातात झारा होता. तो मी खाली ठेवला, एवढंच.

"अरे माणसा, म्हणायचं ना, तुमची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे, मला त्यात यायचंय."

"पण मी तर तिथे कुणालाच ओळखत नाही," तो म्हणाला.

शेवटी डॉक्टर लिसेथ म्हणाली होती, "आम्ही कळवू." या दोन शब्दांनी माझं डोकं फिरतं. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, माणूस रडेल आणि उठेल. 'आम्ही कळवू' म्हणजे तुम्ही फोनजवळ बसा, आंघोळीलासुद्धा फोन घेऊन जा आणि तो वाजला की धावा, आणि पलीकडून कुणीतरी तुम्हाला दफनभूमीतली जागा हप्त्याने विकत असतो.

तरी त्यांनी कळवलं. दुसरी फेरी. एका जागेसाठी अकरा बाप्ये एका खोलीत बसवले आणि प्रत्येकाच्या हातात कच्च्या शेवयांचा पुडा दिला. सगळ्यांनी मिळून मनोरा बांधायचा. ट्रक तोलायला शेवयांचा मनोरा कशाला लागतो, असं मी विचारलं तर म्हणे, संघभावना बघतात. विल्फ्रिदो म्हणाला, "वरचा भार जास्त होतोय, हे पडणार." डॉक्टर लिसेथने वहीत काहीतरी टिपलं. तेवढ्यात मनोरा पडला, तिच्याच कॉफीत. त्याबद्दल तिने काही टिपलं नाही.

मग चित्र. पावसात उभा असलेला माणूस काढा म्हणाली. सगळ्या गावाला ठाऊक आहे की माणसाच्या हातात छत्री काढायची, पायाखाली जमीन काढायची, म्हणजे तुम्ही संकटाला तोंड देणारे ठरता. मी त्याला दोनदा पढवून पाठवलं होतं. याने काय काढलं? रिकामा रस्ता. रस्त्यातून लोंढा वाहतोय, त्यात एक मोटार आडवी झालीये, आणि माणूस कुठेच नाही.

"माणूस कुठाय?" तिने विचारलं.

"घरात. बारांकियात पाऊस पडला की रस्त्यावर कोण उभं राहतं?"

खोटं काय बोलला? आमच्या इथे पाऊस आला की रस्त्याची नदी होते, फ्रिजसकट माणसं वाहून गेलीयेत. पण ती पोर बोगोताची, राजधानीची होती; तिथे पावसाला छत्री पुरते.

मग खोटं पकडायचं यंत्र. बोटांना तारा, छातीला पट्टा. "आधीच्या मालकाचं काही चोरलंय का?" हा अकरा मिनिटं विचार करत बसला. मग म्हणाला, "एक पेन्सिल. आणि सुतळी, साधारण चार मीटर. गाढव बांधायला, पण गाढव माझं नव्हतं." यंत्रावरची रेघ हललीच नाही. यंत्रवाला म्हणाला, नऊ वर्षांत मी असं पाहिलं नाही. त्याने विल्फ्रिदोची नाडी हाताने धरून बघितली.

अकरातले दोन उरले. आणि शेवटची पायरी, घरभेट. कारखाना एक बाई पाठवणार, ती घरात शिरून बघणार. कोण राहतं, कसं राहतात, अर्जात फ्रिज लिहिलाय तो खरंच आहे का, भांडणं होतात का, शेजारी काय म्हणतात. नोकरी ट्रक तोलायची, पण बघणार माझी गादी. असो. गुरुवारी दुपारी तीनची वेळ दिली. मी भिंती पुसल्या, पडदे धुतले, भाचीकडून टेबलावर टाकायचा क्रोशाचा रुमाल आणला. आणि गल्लीत कुणालाही एक अक्षर सांगितलं नाही. सही होण्याआधी नोकरीबद्दल बोललं की ती नासते, असं आम्ही मानतो. लेदीसलाही सांगितलं नाही.

लेदीस शेजारच्या घरात राहते, आमच्या अंगणांमध्ये एकच भिंत. बावीस वर्षांची मैत्री. तिची आई तोमासाआजी, वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, कार्निव्हलच्या नाचात अजून पोरांना दमवते. आता आमच्या गल्लीची एक खुबी सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

दर काही वर्षांनी सरकारची बाई येते. अंगात जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात फळीला लावलेले कागद. ती घरं बघते आणि ठरवते, कोण किती गरीब. फ्रिज दिसला, टीव्ही दिसला, धुण्याचं यंत्र दिसलं की तुम्ही वर चढलात, आणि वर चढलात की फुकटचा दवाखाना गेला आणि म्हाताऱ्यांचा भत्ता गेला. तर आमच्या गल्लीत पहिल्या घरात ती शिरली की कुणीतरी पातेलं वाजवतं. मग मागच्या अंगणांमधून फ्रिज निघतात, भिंतीवरून पलीकडे जातात, बाई पलीकडे गेली की परत येतात. आणि शेजाऱ्याबद्दल विचारलं तर सांगायचं, "फार हाल आहेत हो बिचाऱ्यांचे." प्रत्येकाने प्रत्येकासाठी. यात कुणी कंजुषी करत नाही. लेदीस तर या कामात अशी तयार आहे की ती बोलायला लागली की मला माझ्याच घरची कीव येते. त्या महिन्यात ही सरकारी बाई येणार अशी कुजबुजही होती.

गुरुवार उजाडला. दहा वाजले होते, तीनला अजून पाच तास. विल्फ्रिदो कोपऱ्यावर दिवा आणायला गेला होता, कारण बैठकीतला दिवा लुकलुकत होता आणि अर्जात 'वीजपुरवठा: उत्तम' असं त्याने लिहिलं होतं. मी न्हाणीघरात, डोक्याला कलप लावून बसलेली. बाहेर पातेलं वाजलं. मी ऐकलं, म्हटलं आली वाटतं सरकारी बाई, आपल्याकडे येईस्तोवर तास जाईल. डोकं धुतलं, टॉवेल गुंडाळला, बाहेर आले.

स्वयंपाकघरात फ्रिज नव्हता. फ्रिजच्या जागी फरशीवर पांढरा चौकोन होता आणि चौकोनात एक मेलेलं झुरळ. बैठकीत टीव्ही नव्हता. धुण्याच्या यंत्राचा नळ तेवढा लोंबत होता. मागच्या दारातून पाहिलं तर लेदीसचा नवरा आणि दीर माझा फ्रिज भिंतीवरून उतरवत होते. मला बघून दिराने अंगठा वर केला, म्हणजे काळजी करू नको.

मी कपडे बदलायला खोलीत गेले तर माझ्या पलंगावर तोमासाआजी झोपलेली. गळ्यापर्यंत चादर, कपाळावर ओलं फडकं.

"आजी, काय झालं?"

"गप. मी आजारी आहे," ती म्हणाली.

"मग तुमच्या घरी आजारी पडा की."

"आमच्या घरी मी गेल्या खेपेला पडले होते. यंदा तुझ्याकडे. तुझी आजी आहे मी, तीन महिने अंथरुणाला खिळलेली. आणि जरा पंखा लाव."

मी पंखा लावला. तेवढ्यात पुढच्या दारातून विल्फ्रिदोचा आवाज आला, "दामारिस, पाहुण्या आल्यात." मी टॉवेल डोक्याला तसाच ठेवून बाहेर आले. विल्फ्रिदोच्या हातात दिवा, शेजारी एक घामाघूम बाई. अंगात जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात फळीला लावलेले कागद. आणि त्यांच्या मागे दारात लेदीस, मला डोळा मारत.

"मी मार्योरिस. शेवयांच्या कारखान्याकडून," बाई म्हणाली. "तीनची वेळ होती, पण या बाजूचं दुसरं काम लवकर आटपलं. चालेल ना? शेजाऱ्यांचं निवेदन मी येता येताच घेतलं."

मी लेदीसकडे पाहिलं. तिला दारातून नीट ऐकू गेलं नव्हतं, तिने मला परत डोळा मारला.

मार्योरिसबाईने कागद उलटला. "अर्जात फ्रिज लिहिलाय."

"हो," विल्फ्रिदो म्हणाला. मग त्याची नजर फरशीवरच्या चौकोनावर गेली. मी त्याला पाठीमागून चिमटा काढला. "सकाळी होता," तो म्हणाला.

"टीव्ही?"

"तोही सकाळी होता."

"धुण्याचं यंत्र?"

त्याने मान वळवून पाहिलं. "सगळंच सकाळी होतं."

बाई खोलीकडे गेली. पलंगाशी थांबली. "या कोण?"

"आजी," मी म्हटलं.

"शेजारच्या," विल्फ्रिदो म्हणाला, त्याच क्षणी. मग माझ्याकडे वळून त्याने अगदी मनापासून विचारलं, "दामारिस, या आपल्या पलंगात का आहेत?"

आजी कण्हली. मार्योरिसबाई खुर्चीवर बसली, रुमालाने मान पुसली आणि म्हणाली, "साहेब, आज माझं हे चौथं घर. मी तुम्हाला शेजाऱ्यांचं निवेदन वाचून दाखवते, कारण मला काही कळेनासं झालंय." आणि तिने वाचलं. या घरात चौदा माणसं राहतात. दिवसातून एकदा जेवतात, तेही रोज नाही. नवरा पितो. प्यायला की झोपतो, झोपला की दोन दिवस उठत नाही. बायकोला फिट येतात. आजी शेवटच्या घटका मोजतेय. छप्पर गळतं. घरात एकही विजेची वस्तू नाही, होती ती नवऱ्याने फुंकली.

मी लेदीसला दंडाला धरून आत ओढलं. "ही सरकारची नाही. ही नोकरीची आहे. विल्फ्रिदोच्या नोकरीची."

लेदीसचा चेहरा उतरला. तिने बाईच्या जाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठली नोकरी?"

"वजनकाट्यावरची."

"आणि मला सांगितलं नाहीस? बावीस वर्षं मी तुला माझं पोट साफ झालं की नाही तेसुद्धा सांगते. आणि तू नोकरी लपवतेस?"

"सांगितलं की नासते म्हणून."

"आणि आता काय फळफळली?" लेदीस म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला. मी तिला भवानी म्हटलं, तिने मला मिजासखोर म्हटलं. मार्योरिसबाई मध्येच शांतपणे म्हणाली, "'घरात भांडणं होतात का' असा एक रकाना आहे." मी लेदीसचा दंड सोडला.

मग तिने नियम सांगितला. शेजाऱ्याचं आणि उमेदवाराचं तीनापेक्षा जास्त गोष्टींत पटलं नाही की फाइल बंद. इथे आठ गोष्टी होत्या. ज्याने निवेदन दिलंय त्यानेच चुकीचं ते खोडायचं, खाली कारण लिहायचं, सही करायची, ओळखपत्राचा नंबर घालायचा. तरच काही होईल.

"कारण काय लिहायचं?" लेदीसने विचारलं.

"जे खरं असेल ते."

म्हणजे लेदीसने स्वतःच्या हाताने लिहायचं, की मी सरकारी बाई समजून खोटं बोलले. नंबर घालून. आजकाल सगळी कंप्युटरं आतून एकमेकांना जोडलेली असतात असं आम्ही ऐकतो. तो कागद फिरत फिरत कुठे जाईल कुणी सांगावं? आजीचा भत्ता होता. लेदीसने पेन हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. मला तिला म्हणायचं होतं, कर ना सही, माझ्या माणसाचं आयुष्य आहे हे. ते माझ्या तोंडातून निघेना.

"राहू द्या, शेजारीणबाई," विल्फ्रिदो म्हणाला. "तुम्ही आमच्या भल्यासाठीच बोललात. दुसरी कुठली तरी निघेल." दुसरी निघणार नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात पलंग करकरला. तोमासाआजी उठून बसली, कपाळावरचं फडकं काढून तिने मान पुसली. "भत्ता माझा आहे ना? मग मलाही विचारा कुणीतरी. अकरा वर्षं मी दर पाहणीला मरतेय. एकदा तर या लेदीसने मला क्षयसुद्धा लावला होता. कर सही, लेदीस. मला भूक लागलीये आणि फ्रिज आपल्याकडे आहे."

लेदीस बसली. विल्फ्रिदो तिच्या शेजारी बसला, चष्मा लावला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागला, गिरणीत पावत्या वाचायचा तशी.

"चौदा माणसं. आम्ही दोघंच. खोडा." लेदीसने खोडलं. "एकदा जेवतात. तीनदा जेवतो, मी चारदा. खोडा. पितो. वर्षातून दोनदा, दोन बाटल्या बिअर, लिहा तसं. झोपला की दोन दिवस उठत नाही. खोडा. फिट येतात..." इथे त्याने माझ्याकडे पाहिलं. "खोडा. आजी त्या बसल्यात. छप्पर पुढच्या बाजूला थोडं गळतं, ते अर्धं राहू द्या. वस्तू भिंतीपलीकडे आहेत." पान संपलं. त्याने उलटलं. मागे अजून एक ओळ होती. ती मार्योरिसबाईने आम्हाला वाचून दाखवली नव्हती.

त्याने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मग आवाज लहान होत गेला. "हा माणूस रोज पहाटे उठून दाढी करतो. इस्त्रीचा शर्ट, बूट घालतो आणि दारात बसतो, कुणीतरी कामाला बोलावेल म्हणून. ट्रक गेला की उठून उभा राहतो. संध्याकाळी बूट काढतो. आमच्याने बघवत नाही."

लेदीस रडायला लागली होती. "हे पण खोडते," ती म्हणाली. "मी बोलायला नको होतं."

विल्फ्रिदोने कागदावर तळहात ठेवला. "नाही," तो म्हणाला. "हे राहू द्या. हे वजन बरोबर आहे."

दोन वर्षं मी त्या खुर्चीच्या आतल्या बाजूला उभी राहून अरेपे तळत होते. ट्रक गेला की खुर्ची करकरायची, ते मी रोज ऐकत होते. आणि मला वाटत होतं, मी काही बोलले नाही तर ते नाहीच. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या केसांचा काळा कलप त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर गळला, त्याने बघितलं आणि काही म्हटलं नाही. त्यावरून मला कळलं की माणूस हलला आहे.

लेदीसने कारण लिहिलं, सही केली, नंबर घातला, आणि नंबर बरोबर आहे का ते विल्फ्रिदोने तपासून पाहिलं. मार्योरिसबाईने कागद नीट लावले. मी तिला अरेपा दिला, तिने उभ्यानेच खाल्ला आणि म्हणाली, "निर्णय माझ्या हातात नसतो. आम्ही कळवू." तिच्यावर मात्र मला चिडता आलं नाही.

फ्रिज त्याच संध्याकाळी परत आला. आतलं चीज आलं नाही.

मग एकोणीस दिवस. आता सगळ्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे एकोणीस दिवस सगळी गल्ली फोनजवळ बसली. विसाव्या दिवशी, मी मक्याचं पीठ मळत असताना, फोन वाजला. टेबलावरच होता. मी हात न धुताच आवाज मोठा केला. डॉक्टर लिसेथ, गाणं म्हणावं तशी बोलत होती. "विल्फ्रिदो साहेब, अभिनंदन. तुमची निवड झाली आहे. सोमवारी सकाळी सहाला येऊ शकाल का?"

लेदीस अंगणाच्या भिंतीवरून अर्धी आत आली होती. मी मान हलवून, डोळे मोठे करून त्याला सांगत होते, हो म्हण, माणसा, हो म्हण.

"एक मिनिट थांबा," विल्फ्रिदो फोनमध्ये म्हणाला.

त्याने फोन टेबलावर ठेवला. फडताळातून पेला घेतला. नळाखाली धरून विसळला. फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली आणि पेला काठापर्यंत भरला. मग खुर्ची ओढून बसला आणि घोट घोट पाणी प्यायला लागला. फोनमधून "हॅलो, हॅलो, साहेब, ऐकू येतंय का?" चाललं होतं. माझ्या हातातला पिठाचा गोळा खाली पडला. मी ओठांनीच त्याला म्हटलं, मी तुझा जीव घेईन. त्याने मला हाताने खूण केली की, थांब. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असा निवांत बसलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने शेवटचा घोट घेतला, पेला उपडा ठेवला, मिशी पुसली.

मग फोन उचलला. "हं," तो म्हणाला. "येतो."